पोर्टेबल एसीवर ‘ई१’ किंवा ‘ई२’ आला तर: सेन्सरचा दोष घरच्या घरी कसा शोधायचा

मे महिन्यात एका रात्री अडीच वाजता आमचा पोर्टेबल एसी बीप वाजवून थांबला आणि पडद्यावर ‘ई२’ लुकलुकायला लागलं. ठाण्यातलं भाड्याचं घर, घरमालकांनी भिंतीला भोक पाडू दिलं नाही म्हणून घेतलेलं हे चाकांवरचं मशीन, आणि गुडघ्याचं ऑपरेशन होऊन चारच दिवसांपूर्वी घरी आलेली आई. दुसऱ्या दिवशी जो माणूस आला त्याने झाकणाला हातही न लावता सांगितलं, “पीसीबी गेलाय मॅडम, साडेसहा हजार.” पीसीबी, म्हणजे मशीन चालवणारा इलेक्ट्रॉनिक बोर्ड, ठणठणीत होता. बिघाड होता दीडशे रुपयांच्या सेन्सरच्या वायरीत, आणि तो शोधायला लागलं सगळ्यात महागडं अवजार म्हणजे साडेतीनशे रुपयांचा मल्टिमीटर.

पहिल्यांदा मशीन उघडणाऱ्याला डोळ्यासमोर ठेवून हे लिहिते आहे. एक गोष्ट आधी नीट समजून घ्या, कारण पुढचं सगळं तिच्यावरच उभं आहे. कोड ‘सेन्सर खराब आहे’ असं म्हणत नाही. सेन्सरकडून बोर्डाला मिळणारा आकडा पटण्यासारखा नाही, एवढंच तो सांगतो. या वाटेवर चार ठिकाणं आहेत: सेन्सरचं टोक, त्याची वायर, कनेक्टर आणि बोर्ड. बोर्ड सगळ्यात महाग आणि माझ्या मते संशय घेण्यात सगळ्यात शेवटचा. म्हणून त्याची तपासणी सगळ्यात शेवटी करायची.

आत सेन्सर असतात तरी कोणते?

बहुतेक पोर्टेबल एसींमध्ये दोन असतात. एक खोलीच्या हवेचा: हवा आत ओढणाऱ्या जाळीमागे, काळ्या मण्यासारखं टोक. दुसरा गार होणाऱ्या कॉइलचा: याच्या टोकाला धातूची टोपी असते आणि ते तांब्याच्या नळीला डाख लावून बसवलेल्या छोट्या खोबणीत खुपसलेलं असतं. हीटर म्हणूनही चालणाऱ्या काही मशीनमध्ये तिसरा सेन्सर गरम कॉइलवर असतो.

हे सगळे एनटीसी थर्मिस्टर. तापमान वाढलं की यांचा रेझिस्टन्स (विजेला होणारा अडथळा, तो ओहममध्ये मोजतात) कमी होतो, गारवा वाढला की वाढतो. बोर्ड त्यावरून तापमान ओळखतो. वायर तुटली तर रेझिस्टन्स अनंत होतो, दोन वायरी एकमेकींना चिकटल्या तर शून्याजवळ जातो. या दोन टोकांनाच कोड येतो. सेन्सर म्हातारा होऊन चुकीचा पण पटण्यासारखा आकडा देत असेल तर कोड येतच नाही. मग कॉइल गोठली असं समजून मशीन कॉम्प्रेसर मधेच बंद करतं आणि लोक गॅस भरायला हजारो रुपये घालवतात. कोड नसला तरी गारवा अर्धवट येत असेल, तर गॅसआधी सेन्सर मोजा.

काय काय लागेल

मल्टिमीटर, फिलिप्स स्क्रू ड्रायव्हर (काही स्क्रू खोल खड्ड्यात असतात, म्हणून लांब दांड्याचा), टॉर्च, कापडी किंवा रबरी हातमोजे, जुना टूथब्रश, स्क्रू ठेवायला दोन-तीन वाट्या, बर्फ, छोटी प्लॅस्टिकची पिशवी. शक्य असेल तर १० किलोओहमचा एक रेझिस्टर. एक-दोन रुपयांना मिळतो, त्यावरचे पट्टे तपकिरी, काळा, नारिंगी, सोनेरी.

कागदपत्रांमध्ये खरेदीचं बिल, वॉरंटी कार्ड, मॅन्युअल, आणि मशीनच्या मागच्या स्टिकरचा फोटो ज्यात मॉडेल आणि सिरियल नंबर स्वच्छ दिसतो.

१. कोडचा फोटो काढा आणि मॅन्युअल उघडा

मशीन बंद करायच्या आधी फोटो, जमलं तर व्हिडिओ. किती वेळ चालून कोड आला, तेव्हा कॉम्प्रेसर चालू होता का, तेही लिहून ठेवा. आमच्या मशीनवर कोड नेहमी कॉम्प्रेसर सुरू झाल्यावरच यायचा. ही नोंद पुढे फार कामाला आली.

एकाच कारखान्याची मशीन वेगवेगळ्या नावांनी विकली जातात, म्हणून बऱ्याच ठिकाणी ई१ म्हणजे खोलीचा सेन्सर आणि ई२ म्हणजे कॉइलचा असं आढळतं. पण हा काही सगळ्यांचा नियम नाही, दुसऱ्या कंपनीत हेच आकडे वेगळं काही सांगतात. स्वतःच्या मॉडेलचं मॅन्युअल हाच आधार धरा. हरवलं असेल तर कंपनीच्या वेबसाइटवर मॉडेल नंबर टाकून पाहा.

पी१, एफटी, एफएल असले कोड बहुधा खालची पाण्याची टाकी भरल्याचे असतात. तिथे सेन्सर शोधत बसू नका, मशीन हलवण्याआधी खालचं बूच काढून पाणी सोडा. पावसाळ्यात, विशेषतः कोकणपट्टीत, हे रोजचं आहे. पाणी काढूनही कोड जात नसेल तर टाकीतला तरंगता फ्लोट गाळाने अडकलाय का बघा.

२. वॉरंटीत असेल तर इथेच थांबा

मशीन वॉरंटीत असेल तर एकही स्क्रू काढू नका. काही मशीनवर स्क्रूच्या डोक्यावर कागदी सील असतं. ते फाटलं की कंपनीला हात झटकायला निमित्त मिळतं. तक्रार नोंदवा, तक्रार क्रमांक लिहून घ्या. माणूस घरी आला की त्याला दोन गोष्टी नम्रपणे पण ठामपणे सांगा: सेन्सर मीटरने मोजून आकडा दाखवा, आणि काय बदलायचं ते जॉब शीटवर लिहून द्या. पैसे देऊन पार्ट बदलला तर जुना पार्ट मागून घ्या. तक्रारीची दखलच कोणी घेत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे.

३. बाहेरून दिसणाऱ्या गोष्टी आधी

जाळी काढून धुवा, पूर्ण वाळवून लावा. मशीन भिंतीला किंवा पडद्याला चिकटून उभं असेल तर हात-दीड हात पुढे ओढा. गरम हवेचा जाड पाइप मागे नीट बसलाय ना, खिडकीच्या पट्टीतून ती हवा परत आत येत नाही ना, हेही बघा. या कारणांनी कोड क्वचित येतो, पण खोलीचा सेन्सर त्या गरम हवेत राहिला की पडद्यावर भलतंच तापमान दिसतं आणि दोष सेन्सरवर ढकलला जातो.

मग प्लग काढून दहा मिनिटं थांबा आणि परत लावा. कॉम्प्रेसर सुरू व्हायला साधारण तीन मिनिटं जातात, तेवढा धीर धरा. वीज वरखाली झाल्याने आलेला कोड यात निघून जातो. परत आला तर पुढे चला.

४. उघडण्याआधीची काळजी

ही पायरी घाईत उरकू नका. बटण बंद करणं पुरेसं नाही, प्लग भिंतीतून काढा आणि तो डोळ्यासमोर राहील असा ठेवा, म्हणजे घरातलं कुणी चुकून लावणार नाही.

आत नळकांड्यासारखा एक कपॅसिटर असतो. प्लग काढल्यावरही त्यात वीज साठून राहू शकते आणि तिचा झटका जोरदार बसतो. त्याला, त्याच्या पत्र्यांना, कॉम्प्रेसरच्या जाड वायरींना हात लावायचा नाही. सेन्सरच्या कामासाठी तिकडे जाण्याची गरजच पडत नाही.

मागच्या स्टिकरवर कोणता गॅस आहे ते वाचा. आर-२९० असेल तर तो प्रोपेन आहे, आपल्या स्वयंपाकाच्या गॅसचा सख्खा भाऊ. आर-३२ सुद्धा पेट घेऊ शकतो. जवळ देवाचा दिवा, उदबत्ती, सोल्डरिंग आयर्न काही नको, खिडक्या उघड्या ठेवा, आणि तांब्याच्या नळ्यांवर कुठेही जोर देऊ नका.

कॉइलच्या ॲल्युमिनियमच्या पात्या ब्लेडसारख्या कापतात. हातमोजे त्यासाठीच.

५. झाकण काढणं

आधी टाकीतलं पाणी सोडा. मग मागचे आणि बाजूचे स्क्रू काढा. लांब आणि आखूड स्क्रू वेगवेगळ्या वाट्यांत ठेवा आणि कुठले कुठून निघाले त्याचा फोटो घ्या. लांब स्क्रू चुकीच्या भोकात गेला तर आतली वायर चिरडू शकतो. स्क्रू निघाल्यावरही झाकण हलत नसेल तर ते प्लॅस्टिकच्या खाचांत अडकलेलं असतं. पत्र्याची पट्टी घालून उचकटू नका, आधी जाळीमागे आणि स्टिकरखाली लपलेला एखादा स्क्रू राहिलाय का शोधा. माझा एक स्क्रू हवेच्या जाळीच्या मागे राहिला होता.

सेन्सरच्या वायरी बारीक असतात, बहुतेक काळ्या किंवा पांढऱ्या जोडीने बोर्डाच्या डब्यात जातात. त्यांच्या मागावर दोन्ही टोकांपर्यंत जा आणि काही ओढण्याआधी फोटो काढा.

६. कनेक्टर

बोर्डावर ही जोडी छोट्या पांढऱ्या प्लॅस्टिकच्या कनेक्टरने लागलेली असते. वायर धरून ओढू नका, कनेक्टरची बाजू चिमटीत धरून सरळ काढा. टॉर्च मारून पिनांकडे बघा. हिरवट पूड, काळेपणा, मुंग्यांची वारूळासारखी माती, पालीची घाण, यापैकी काहीही सापडू शकतं. समुद्राजवळच्या घरांत हिरवा थर तर फार लवकर धरतो. कोरड्या टूथब्रशने साफ करा. जवळ कॉन्टॅक्ट क्लीनरचा स्प्रे असेल तर प्लग काढलेला असतानाच थोडा मारा, पूर्ण वाळू द्या. कनेक्टर चार-पाच वेळा काढून-घालून घट्ट बसवा.

वायर कुठे कुरतडलीय का, पत्र्याच्या धारेवर घासलीय का, तेही याच वेळी बघा. मशीन गॅलरीत उभं राहत असेल तर उंदराच्या दातांचा संशय सगळ्यात आधी घ्या.

झाकण लावून मशीन चालवून बघा. फक्त एवढ्यावर कोड गेला तर काम संपवा, पुढचं काही करायचं नाही.

७. मीटर लावून मोजा

सेन्सरचा कनेक्टर बोर्डातून काढूनच मोजायचं. बोर्डाला जोडलेला असताना मोजलं तर बोर्डावरचे रेझिस्टरही त्यात मिसळतात आणि आकडा खोटा येतो. मीटर ओहमवर, २०के च्या घरावर ठेवा. सुया कनेक्टरच्या दोन पिनांना टेकवा. सुयांच्या उघड्या टोकांना बोटं लागू देऊ नका, नाहीतर तुमच्या शरीराचा रेझिस्टन्सही मोजला जातो.

सगळ्यात जास्त वापरला जाणारा सेन्सर १०के चा, म्हणजे २५ अंश सेल्सिअसला १० किलोओहम. त्याचे आकडे साधारण असे येतात: ३० अंशांना ८, ३३ ला ७ पेक्षा किंचित जास्त, ४० ला साडेपाचच्या आसपास.

इथे एक मोठी फसगत आहे. काही मशीनमध्ये ५के चा सेन्सर असतो. त्याचे आकडे वरच्या आकड्यांच्या जवळपास निम्मे येतात. ३० अंशांच्या खोलीत मीटरवर ४ दिसलं म्हणून सेन्सर बाद ठरवू नका. दोन्ही सेन्सर मोजा. खोलीतच बराच वेळ पडून असलेल्या मशीनचे दोन्ही सेन्सर एकाच तापमानाला असतात, त्यामुळे त्यांचे आकडे बहुधा जवळजवळ सारखे यायला हवेत. थोड्या मशीनमध्ये दोघांची किंमत मुळातच वेगळी असते, ते मॅन्युअलमध्ये किंवा वायरीवरच्या चिठ्ठीवर दिसतं.

मीटरवर डावीकडे नुसता ‘१’ किंवा ‘ओएल’ आला तर आधी २००के चं घर लावून बघा. तरीही तेच असेल तर वायर तुटली आहे. शून्याजवळचा आकडा म्हणजे दोन्ही वायरी कुठेतरी टेकल्या आहेत किंवा सेन्सर आतून बसला आहे.

आता सेन्सरचं टोक मुठीत धरा. आकडा न थबकता, न उड्या मारता हळूहळू उतरायला हवा. १०के चा असेल तर मिनिटभरात सहा-साडेसहाच्या दिशेने जातो.

आमचा कॉइल सेन्सर इथपर्यंत पास झाला होता. ७.३, मुठीत ६.४, अगदी शहाण्यासारखा. मला वाटलं की तो माणूस खरंच बोलत होता, पीसीबीच असणार. मग पहिल्या पायरीतली नोंद आठवली: कोड कॉम्प्रेसर सुरू झाल्यावर येतो. कॉम्प्रेसर सुरू झाला की मशीन थरथरतं. मीटर तसाच लावून ठेवला आणि वायर दोन-दोन बोटांच्या अंतरावर वाकवत गेले. तांब्याच्या खोबणीपासून चार बोटं खाली, जिथे वायर पत्र्याच्या क्लिपखालून वळते तिथे बोट दाबलं आणि ७.३ चा ‘१’ झाला. सोडलं की परत ७.३. वरून रबर अखंड होतं, साधा चरासुद्धा नव्हता. नंतर ब्लेडने सोलून पाहिलं तर आतल्या सगळ्या तारा तुटलेल्या आणि दोन टोकं एकमेकांना जेमतेम टेकून बसलेली.

म्हणून सांगते, नुसतं एकदा मोजून समाधान मानू नका. वायरीची लांबीभर ही वाकवण्याची परीक्षा घ्याच.

८. बर्फाची परीक्षा

कोड येत नाही पण तापमान चुकीचं वाटतंय, अशा वेळी ही सगळ्यात खात्रीची. पेल्यात बर्फाचा चुरा गच्च भरा, त्यात पाणी ओता, ढवळून पाच मिनिटं ठेवा. हे मिश्रण शून्य अंशांवर स्थिर राहतं. सेन्सरचं टोक प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून बर्फाच्या मधोमध खुपसा आणि आकडा थांबेपर्यंत वाट बघा.

१०के चा सेन्सर शून्याला साधारण २८ ते ३४ किलोओहम दाखवतो, ५के चा त्याच्या निम्मा. मीटर २००के च्या घरावर ठेवायला विसरू नका. २०के वर ठेवलात तर १०के च्या चांगल्या सेन्सरवरही ‘१’ येईल आणि तुम्ही त्याला मेलेला समजाल. ही चूक मी दुकानदारालासुद्धा करताना पाहिलं आहे. १०के च्या सेन्सरचा आकडा २० च्या खाली अडकला किंवा ५० च्या वर गेला तर सेन्सर बदला.

९. तरीही कोड येतोय? मग बोर्डाची पाळी

दोन्ही सेन्सर एकाच किमतीचे आणि कनेक्टर सारखेच असतील तर प्लग काढलेला असताना त्यांची बोर्डावरची जागा बदला. झाकण लावून मशीन फक्त फॅनवर सुरू करा. ई२ चा ई१ झाला तर दोष सेन्सरबरोबर सरकला, म्हणजे सेन्सर किंवा त्याची वायर वाईट. कोड होता तोच राहिला तर संशय बोर्डावर.

कनेक्टर वेगळे असतील तर आणून ठेवलेला १०के चा रेझिस्टर हातात घ्या. संशयित सेन्सरची वायर कनेक्टरपासून बोटभर ठेवून कापा (सेन्सर बदलायचाच ठरलं असेल तरच), दोन टोकांना १०के चा रेझिस्टर पिळून बांधा, टेप गुंडाळा आणि कनेक्टर जागेवर लावा. बोर्डाला आता वाटेल की तिथे २५ अंश आहेत. ५के च्या मशीनमध्ये १०के ने तापमान कमी दिसेल, पण कोड जायलाच हवा. कोड गेला तर बोर्ड चांगला. हे करताना मशीन कूलिंगवर चालवू नका: कॉइल गोठतेय हे मशीनला कळणारच नाही.

रेझिस्टर लावूनही कोड तसाच असेल तर बोर्डाचं काम खरंच आहे. चालू बोर्डावर व्होल्ट मोजायचा मोह आवरा आणि तो डबा जाणकाराकडे न्या. बोर्ड दुरुस्त करणारे कारागीर बऱ्याचदा नवीन बोर्डापेक्षा खूप कमी पैशांत काम करून देतात.

१०. नवा सेन्सर घेताना

मुंबईत लॅमिंग्टन रोड, पुण्यात बुधवार पेठेतली तपकीर गल्ली, आणि कुठल्याही गावातलं एसी-फ्रीजच्या सुट्या भागांचं दुकान. जुना सेन्सर सोबत न्या. किलोओहम किती, टोक धातूचं की काळ्या मण्याचं, टोकाची जाडी, वायरीची लांबी आणि कनेक्टर, हे सगळं जुळलं पाहिजे. कॉइलसाठी मण्याचा सेन्सर घेऊ नका. तो खोबणीत घट्ट बसत नाही, हवेचं तापमान वाचतो, आणि तुमच्या कॉइलवर बर्फ साचत राहतो.

‘एसीचा सेन्सर द्या’ एवढंच म्हटलं तर दुकानदार जो सगळ्यात जास्त खपतो तो देतो. दुकानातच मीटर लावून आकडा बघून घ्या.

११. बसवणं आणि शेवटची चाचणी

धातूचं टोक खोबणीत पूर्ण आत, क्लिपसकट. वायर जुन्याच वाटेने न्या, पण पत्र्याच्या धारेपासून आणि पंख्यापासून लांब ठेवा, आणि थोडी ढिली राहू द्या. बोर्डाच्या डब्यात शिरण्याआधी वायरीला खाली झोल द्या, म्हणजे तिच्यावरून ओघळणारं पाणी झोलातून गळून जाईल, कनेक्टरपर्यंत पोचणार नाही. केबल टायने आवळताना घट्ट आवळू नका. आमची वायर क्लिपने दाबल्यामुळेच तुटली होती, म्हणून मी तिथे सायकलच्या ट्यूबचा तुकडा घातला.

झाकण आणि सगळे स्क्रू लावूनच प्लग जोडा. कूलिंगवर, सगळ्यात कमी तापमानावर पाऊण तास सलग चालवा. मधे एक-दोनदा कॉम्प्रेसर बंद करून पुन्हा सुरू करा, कारण थरथर तेव्हा सगळ्यात जास्त असते. पाऊण तासात कोड आला नाही, मशीनमधून खोलीत येणारी हवा सतत गार राहिली आणि जाळीतून टॉर्च मारल्यावर कॉइलवर बर्फ दिसला नाही, की झालं.

आमचं मशीन त्या दिवशी संध्याकाळी सातला सुरू केलं, ते सकाळी आई उठेपर्यंत चालू होतं. बोर्डाच्या डब्याच्या झाकणावर आतून मी मार्करने लिहून ठेवलं आहे: कॉइल सेन्सर, १०के, धातूचं टोक, आणि बदलल्याची तारीख.